‘बळकावणे’च्या उलट ‘देणे’ कसे?

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीतील शब्दकोड्यात गेल्या वेळी आडव्या शब्दांत एक सूचना अशी होती: ‘बळकावणे’च्या उलट, दोन अक्षरे. उत्तर म्हणून ‘देणे’ असे छापले गेले. शब्दकोड्यातल्या एका उत्तरासाठी संपादकांना पत्र लिहावे का, असा विचार मीही दोन दिवस केला. आयुष्याची बरीच वर्षे मुद्रितशोधनात गेल्यामुळे छापील चुकांविषयी माझ्या मनात रागापेक्षा मायाच अधिक आहे. परंतु ही चूक अक्षरे जुळवताना झालेली नसून अर्थ लावताना झालेली आहे, आणि हाच अर्थ लावण्याचा आळस आपल्या बातम्यांच्या पानांवरही अधूनमधून डोकावतो, म्हणून लिहीत आहे.

‘घेणे’ आणि ‘देणे’ ही एकाच व्यवहाराकडे दोन बाजूंनी पाहणारी क्रियापदे आहेत. मी आपल्याकडून पुस्तक घेतले असे म्हटले की आपण मला पुस्तक दिले हे ओघानेच आले. ‘विकणे’ आणि ‘विकत घेणे’ यांचे नातेही असेच आहे. अशा जोड्यांत एक वाक्य खरे असेल तर दुसरे आपोआप खरे असते, आणि म्हणूनच त्यांना विरुद्धार्थी म्हणण्यापेक्षा समोरासमोर बसलेले म्हणणे अधिक योग्य होईल. ‘बळकावणे’ या शब्दात मात्र समोर कोणी राजीखुशीने बसलेलेच नसते. एकाने दुसऱ्याचे घर बळकावले, या वाक्यावरून दुसऱ्याने पहिल्याला घर दिले असे वाक्य काढता येत नाही; काढले तर ते खोटे ठरते, आणि बळकावणाऱ्याचा वकील न्यायालयात नेमके तेच वाक्य काढण्याच्या खटपटीत असतो. मूळ मालकाच्या बाजूने त्याच घटनेचे वर्णन करायचे झाले तर ‘गमावणे’, ‘मुकणे’, ‘हातचे जाणे’ हे शब्द उपयोगी पडतील, ‘देणे’ नव्हे.

विरुद्धार्थाचा आणखी एक प्रकार असतो. तो म्हणजे झालेली क्रिया उलटवणे: बांधणे आणि सोडणे, झाकणे आणि उघडणे, गुंडाळणे आणि उलगडणे. येथे बहुधा कर्ता तोच राहतो आणि आधी केलेले तो निस्तरतो. ‘बळकावणे’ची खरी उलट क्रिया या प्रकारात शोधावी लागते, आणि ती ‘परत करणे’ ही आहे. ‘देणे’ या शब्दाला भूतकाळ नसतो. काल माझे असलेले आज मी तुम्हाला दिले, एवढेच तो सांगतो. ‘परत’ या अव्ययाच्या पोटात मात्र आधीची सगळी हकिकत असते: वस्तू कोणाची होती, ती कोणाच्या हाती गेली आणि आता कोठे आली.

येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. दुसऱ्याचे आपलेसे करण्यासाठी मराठीत बळकावणे, हिसकावणे, लाटणे, ढापणे, उपटणे, लुबाडणे, हडपणे, गिळंकृत करणे, घशात घालणे, डल्ला मारणे असे शब्द हात जोडून उभे आहेत, आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. हिसकावणारा समोरासमोर उभा राहतो, ढापणारा पाठीमागून येतो, लाटणाऱ्याच्या हाती बहुधा एखादा कागद असतो, आणि हडपणाऱ्याला कसलीच घाई नसते. या सगळ्यांच्या उलट जाण्यासाठी मात्र आपल्याजवळ ‘परत करणे’ हा एकच सरधोपट प्रयोग आणि फार तर ‘ज्याचे त्याला देणे’ ही शब्दांची मोळी. भाषेला दोष देण्यात अर्थ नाही. तिने जे वारंवार पाहिले त्याला तिने नावे दिली. नावे ठेवायचीच असतील तर ती दुसऱ्या कोणाला तरी ठेवावी लागतील.

साध्या ‘धरणे’कडे वळले की चित्र अधिक रंगतदार होते. ‘धरणे’च्या उलट ‘सोडणे’ हे उत्तर शाळेतल्या मुलालाही येते आणि ते पुष्कळ ठिकाणी बिनचूक बसते. हात धरावा आणि सोडावा, धीर धरावा आणि सोडावा, आशा, हट्ट, अबोला, वाट, एखाद्याची पाठ, सगळे धरता येते आणि सोडताही येते. पण रोप मूळ धरते तेव्हा त्याच्या उलट मूळ ‘सोडते’ असे कोणी म्हणत नाही, तेथे ‘उपटले जाणे’ किंवा ‘उखडणे’ लागते. पाऊस जोर धरतो आणि मग ओसरतो. मनात संशय धरलेला असेल तर तो फिटतो, आणि डूख धरलेला असेल तर तो बहुधा फिटतही नाही. कंबर धरली, मान धरली असे आपण म्हणतो तेव्हा तर धरणारा हात कोणाचा हेच सांगता येत नाही, आणि दुखणे गेल्यावर मान ‘सोडली’ असे म्हटले तर ऐकणारा घाबरून जाईल; तेथे मान ‘मोकळी’ झाली असेच म्हणावे लागते. बाळंतीण ‘मोकळी झाली’ किंवा तिची ‘सुटका झाली’ यांतही तोच मोकळेपणा आहे. ‘गृहीत धरणे’ हा प्रयोग तर मला नेहमीच चमत्कारिक वाटत आला आहे, कारण ‘गृहीत’ म्हणजेच धरलेले, म्हणजे धरलेले पुन्हा धरायचे. आणि एवढे दुहेरी धरून ठेवल्यावर त्याच्या उलटचे क्रियापद भाषेत न मिळावे यात नवल नाही.

धरणे आणि सोडणे यांच्या या जोडीत शिकण्याचा क्रमही सारखा नाही. तान्ह्या मुलाच्या तळहातावर बोट टेकवले की त्याची मूठ आपोआप आवळली जाते. ही प्रतिक्षिप्त क्रिया जन्मतःच असते आणि साधारण पाच-सहा महिन्यांत मावळते. हातातली वस्तू आपण होऊन, ठरवून सोडणे मात्र मुलाला वर्षाच्या आगेमागे जमू लागते, आणि मग ते खुळखुळा पुन्हा पुन्हा खाली टाकून घरातल्यांना वाकायला लावते. आपण त्याला खोडी म्हणतो, पण ते मूल त्या वेळी एका नव्या क्रियापदाचा सराव करत असते. मोठेपणीही सोडणे हे स्नायूंचे स्वतंत्र काम असते. मायोटोनिया या विकारात हस्तांदोलनासाठी पुढे केलेला हात पकड घेतो, पण मनात असूनही ती पकड चटकन सैल होत नाही. तेव्हा सोडणे म्हणजे नुसते धरणे थांबवणे, अशी व्याख्या ज्यांना पुरेशी वाटते त्यांनी शरीराला विचारून पाहावे.

आपल्या बातमीदारांच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा भेद मला ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ यांच्यातला वाटतो. ‘हात सोडला’ या वाक्यात कर्त्याची इच्छा आहे. ‘हात सुटला’ या वाक्यात ती नाही. ‘हात निसटला’ म्हटले की इच्छा तर नाहीच, उलट धरून ठेवण्याची धडपड होती असेही कळते. ‘हात सोडवला’ म्हटले की तिसऱ्या कोणाचा हात मध्ये आला. आणि ‘हात सोडवून घेतला’ म्हटले की ज्याचा हात पकडला होता त्यानेच बळ लावले. एका मात्रेच्या किंवा एका अक्षराच्या फरकाने जबाबदारी एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकते. अपघाताच्या बातमीत ‘दोर सोडल्याने’ आणि ‘दोर सुटल्याने’ यांत अदलाबदल झाली तर चौकशी होण्याआधीच निकाल छापला गेला असे होईल.

अशीच काळजी ‘सुटका’ या शब्दाबाबतही घ्यायला हवी. ‘सुटका करणारा’ आणि ‘पकडून ठेवणारा’ हे सामान्यतः दोन वेगळे लोक असतात. तरीही ‘अपहरणकर्त्यांनी ओलिसांची सुटका केली’ अशी वाक्यरचना वाचायला मिळते, आणि ज्यांनी माणसे डांबली त्यांनाच ती डांबलेल्यांना वाचवल्याचे श्रेय मिळून जाते. तेथे ‘सोडले’ किंवा ‘सोडून दिले’ एवढे साधे क्रियापद पुरे आहे. दुसरीकडे, एखाद्याला पकडल्यानंतरच्या बातमीला ‘अखेर सुटका’ असा दोन शब्दांचा मथळा दिला, तर तो माणूस जामिनावर सुटला, शिक्षा भोगून सुटला, पुराव्याअभावी सुटला की निर्दोष ठरला, हे वाचकाला कसे कळावे? या चार गोष्टी ‘पकडणे’च्या उलट दिशेला असल्या तरी त्या एकमेकींपासून फार दूर आहेत. ‘निर्दोष मुक्तता’ हा शब्दप्रयोग लांब आहे आणि मथळ्याच्या रकान्यात बसवताना दमछाक होते हे मला अनुभवाने ठाऊक आहे. तरीही ज्याच्या कपाळावरचा डाग पुसला गेला आहे त्याला तेवढी जागा द्यायलाच हवी.

या शब्दांची कुळे पाहू लागले की आणखी काही नोंदी हाताशी येतात. ‘सोडणे’ आणि हिंदीतले ‘छोडना’ ही भावंडे आहेत. हिंदीतल्या ‘छ’च्या जागी मराठीत अनेकदा ‘स’ येतो, जसे छुरी आणि सुरी, छह आणि सहा, मछली आणि मासळी. संस्कृतातल्या ‘ग्रह्’ या धातूचा अर्थच पकडणे, आणि ‘मुच्’चा अर्थ सोडणे. या दोन धातूंची समोरासमोर गाठ जेवढी आकाशात पडते तेवढी क्वचितच कोठे पडत असेल. सूर्याला किंवा चंद्राला लागते ते ‘ग्रहण’, म्हणजे पकडले जाणे, आणि पंचांगात ते संपण्याच्या क्षणाला जे नाव आहे ते ‘मोक्ष’. ज्या शब्दासाठी तत्त्वज्ञांनी ग्रंथच्या ग्रंथ खर्ची घातले तो येथे घड्याळाच्या काट्यावर, तास आणि मिनिटांत छापलेला असतो. बोलताना आपण ‘ग्रहण सुटले’ म्हणतो, म्हणजे पुन्हा सुटणेच. हत्तीचा पाय पकडणाऱ्या मगरीलाही संस्कृतात ‘ग्राह’ म्हणतात, आणि त्या कथेचे नाव गजेंद्र‘मोक्ष’ आहे. ‘गहाण’ हा शब्दही ‘ग्रहण’ याच घरातला. म्हणूनच गहाण वस्तू आपण ‘सोडवतो’, ‘परत घेतो’ असे सहसा म्हणत नाही.

उपसर्गांची करामत तर वेगळीच आहे. ‘दा’ या धातूचा अर्थ देणे, आणि त्याला ‘आ’ हा एवढासा उपसर्ग लागला की ‘आदान’ म्हणजे थेट घेणे. ‘आदान-प्रदान’ या जोडशब्दाच्या दोन्ही बाजूंना देण्याचाच धातू उभा आहे, पण पहिला हात पसरून आणि दुसरा हात पुढे करून. मराठी क्रियापदांनीही हे दिशाभान सांभाळले आहे. आपण ‘हिसकावून घेतो’ आणि ‘सोडून देतो’. त्यांचे शेपूट बदलून ‘सोडून घेतो’ असे कोणाच्या तोंडून येत नाही. अपवाद म्हणावा तर ‘मागे घेणे’ आहे. काढलेला आदेश, उच्चारलेला शब्द किंवा पुकारलेला संप सोडून देताना आपण ‘घेणे’च वापरतो, जणू पकड ढिली करतानाही हात रिकामा दिसू नये याची काळजी घ्यावी.

‘न घेणे’ हाही ‘घेणे’चा एक विरुद्धार्थ असतो आणि तो शब्दकोड्यांच्या दृष्टीतून नेहमी सुटतो. पतंजलीच्या योगसूत्रांत यमांची, म्हणजे पाळायच्या संयमांची, यादी येते, तिच्यात ‘अस्तेय’ आणि ‘अपरिग्रह’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. दुसऱ्याचे न चोरणे हे एक, आणि चहूबाजूंनी गोळा करून न ठेवणे हे दुसरे. घेतलेले परत करणे आणि घेतलेले सोडणे यांहून मुळात न घेणे वेगळे, आणि त्या न घेण्याचेही दोन प्रकार आहेत हे सूत्रकाराने नेमके ओळखले होते, आणि तेही एक अक्षर कमी झाले तरी आनंद मानणाऱ्या सूत्रांच्या परंपरेत राहून.

फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांनी मराठीत येताना अर्थाचे कपडे बदलले, त्यांची हकिकत याहून मनोरंजक आहे. ‘खलास’चा मूळ अर्थ सुटका, आपल्याकडे तो संपून जाण्याचा आणि पुढे संपवून टाकण्याचा झाला. ‘राजीनामा’ म्हणजे राजी असल्याचा कागद. हिंदीत तो आजही तडजोडीचा कागद आहे आणि पद सोडण्यासाठी तेथे ‘इस्तीफा’ किंवा ‘त्यागपत्र’ चालते. मराठीत मात्र खुर्ची सोडणाऱ्याच्या हातात आपण राजीखुशीचा कागद ठेवला, मग ती सोडताना तो कितीही नाराज असो. त्यावर उतारा म्हणून आपल्याकडे ‘पायउतार होणे’ हा सुरेख प्रयोग आहे. सत्तेवर ‘आरूढ’ होणे म्हणजे स्वार होणे, आणि स्वाराच्या उलट पायउतार. या जोडीइतकी चपखल विरुद्धार्थी जोडी मला दुसरी सुचत नाही.

आता ज्या शब्दासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येतो. जप्त केलेली मालमत्ता, अतिक्रमण करून घेतलेली जागा किंवा काढून घेतलेले अधिकार मूळ धन्याकडे जातात तेव्हा त्या बातमीत अनेकदा ‘बहाल केले’ असे येते. ‘बहाल’ हा शब्द फारसीतून आला. ‘ब’ आणि ‘हाल’, म्हणजे पूर्वी ज्या हालतीत होते त्या हालतीत. हिंदीत तो अजूनही याच अर्थाने वापरला जातो. बंद पडलेली सेवा तेथे ‘बहाल’ होते म्हणजे पूर्ववत होते. म्हणजे बळकावण्याच्या उलट जाणारा, पूर्वस्थिती आणणारा नेमका शब्द आपल्या दारात आलेला होता. परंतु मराठीत त्याने मानाचा फेटा बांधला. आपल्याकडे पदवी बहाल होते, किताब बहाल होतो, आणि बहाल करणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो. आजच्या मराठी वाचकाला ‘जमीन बहाल केली’ या वाक्यात परतफेड ऐकू येत नाही, मेहरबानी ऐकू येते. ज्याचे होते त्यालाच ते मिळाले असताना त्याने आभार मानावेत अशी अपेक्षा त्या क्रियापदातून नकळत तयार होते, आणि ज्याने आधी घेतले होते तो त्या वाक्यात दाता होऊन बसतो. शब्दाचे मूळ फारसीत काय होते हे सांगून हा दोष झाकता येणार नाही, कारण वाचक बातमी वाचतो, व्युत्पत्तिकोश नव्हे.

यावर उपाय सोपा आहे. वस्तू मुळात देणाऱ्याची असेल तर ‘दिली’ लिहावे, मानाची असेल तर ‘बहाल केली’ खुशाल लिहावे, आणि घेतलेली असेल तर ‘परत केली’ असे लिहावे. जप्ती असेल तर ती ‘उठवली’ म्हणावे. वेढा, बंदी आणि जप्ती या तिघींनाही आपल्या भाषेत बसायची आणि उठायची सवय आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही. कोणी स्वतःहून पोलिसांपुढे आला तर तो ‘स्वाधीन झाला’, त्याला ‘पकडण्यात यश आले’ असे छापू नये, कारण त्यात पकडणाऱ्याचा पराक्रम दिसतो आणि येणाऱ्याचा निर्णय पुसला जातो.

कोडेकारांविषयी माझी काहीच तक्रार नाही. दोन अक्षरांच्या घरात अर्थ बसवणे किती कठीण असते याची मला कल्पना आहे, आणि त्याच कोड्यातील इतर बऱ्याच सूचना सुंदर होत्या. दुरुस्ती छापायची झाल्यास माझी विनंती एवढीच आहे की दोन घरे कायम ठेवायची असतील तर सूचनेत ‘बळकावणे’ऐवजी ‘घेणे’ असे करावे, म्हणजे ‘देणे’ जसेच्या तसे बसेल. ‘पकडणे’ अशी सूचना हवी असेल तर ‘सोडणे’साठी तीन घरे लागतील. आणि ‘बळकावणे’च ठेवायचे असेल, तर ‘परत करणे’ या उत्तरासाठी सहा घरे मोकळी करावी लागतील. त्यासाठी आजूबाजूचे दोन-तीन उभे शब्द हलवावे लागतील, पण कोडेकारांना ते जमेल अशी खात्री वाटते.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त मुद्रितशोधक